मदत हवी आहे: उन्हाळ्यात बॉइंक चालवताना पीसीची भट्टी होतेय

खासबागकर:

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी विज्ञान दिनाला पोरांना घेऊन खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गेलो होतो. ४५ मीटरच्या त्या तबकड्या बघून थोरला असा भारावला की घरी आल्या आल्या त्याने आईनस्टाईन ॲट होम शोधून काढलं. माहीत नसेल त्यांच्यासाठी: लायगो (गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा) आणि रेडिओ दुर्बिणींच्या डेटाचा एक तुकडा आपला संगणक उतरवून घेतो, त्यात पल्सार (ठराविक लयीत लहरी सोडणारे तारे) किंवा गुरुत्वीय लहरींची खूण सापडते का ते गणित करून बघतो आणि उत्तर परत पाठवतो. २००५ पासून चालू आहे. बॉइंक नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की झालं. थोरला आता पुण्याला शिकायला गेला आणि ते खूळ माझ्या मागे लागलं.

पीसी असा: रायझन ५ ३६००, त्याच्या खोक्यातच आलेला कूलर, जीटीएक्स १६६० सुपर, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा पॉवर सप्लाय. कॅबिनेटला पुढे एक पंखा, मागे एक. घर कोल्हापूरच्या उद्यमनगरला, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीला लागून, खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. एसी नाही.

जानेवारीत सीपीयू ७६ अंशांच्या आसपास असायचा. आता दुपारी ९४-९५. ग्राफिक्स कार्ड ८३. पंखा असा ओरडतो की आई खालून विचारते, "अरे, गिरण चालू केलीस काय?" आणि गेले दोन रविवार दुपारी पीसी फाटकन बंद पडला. निळा पडदा नाही, कसली सूचना नाही, कुणीतरी बटण दाबल्यासारखा.

साइड पॅनल काढून टेबल फॅन लावून बघितला. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं, पण चार दिवसांत आत काळी धूळ बसली. दुकानदार म्हणतो लिक्विड कूलर टाका, डोळे झाकून. सहा-सात हजार सांगतोय. घालू का? की डेझर्ट कूलरच पीसीसमोर ठेवू? वडिलांचं म्हणणं वेगळंच. तालमीतल्या पैलवानालासुद्धा मेहनत झाली की वाऱ्याला बसवतात, हा बिचारा चोवीस तास जोर काढतोय.

पंचगंगाकाठ:

खरेदी थांबवा. आधी सांगा, खोलीचं तापमान किती असतं? आणि कॅबिनेट नेमकं कुठे ठेवलंय?

खासबागकर:

दुपारी चारला ३६, पहाटे २६. जानेवारीत रात्री बघितलं तेव्हा २१ होतं. कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलच्या खालच्या कप्प्यात. दार काढलंय, पण मागे प्लाय आहे, वायरीपुरतं भोक. फरशीवर घरघर होते म्हणून खाली सतरंजी घातलीय.

पंचगंगाकाठ:

मग वजाबाकी करा. जानेवारीत ७६ वजा २१ म्हणजे ५५. आता ९५ वजा ३६ म्हणजे ५९. तुमचा कूलर तेव्हा जेवढं काम करत होता जवळपास तेवढंच आजही करतोय, वरचे चार अंश धुळीच्या खात्यात धरा. वाढलीय ती खोली. हवेवर चालणारा कुठलाही कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, आणि लिक्विड कूलरसुद्धा शेवटी रेडिएटरवरून तीच हवा फिरवतो. चिपचा आकडा उतरेल, पण प्लगमधून येणारा प्रत्येक वॅट उष्णता होऊन त्याच खोलीत पडणार. सहा हजार घालवून खोली तेवढीच तापलेली.

दुसरं, बंद पडण्याचा दोष सीपीयूवर टाकू नका. ९५ अंश ही तुमच्या रायझन ३६०० प्रोसेसरची मर्यादा आहे, तिथे तो स्वतःच वेग कमी करून घेतो. फाटकन बंद म्हणजे माझा संशय पॉवर सप्लायवर. तो बहुतेक खालून हवा ओढत असेल, आणि तुम्ही खाली सतरंजी घातलीय!

भट्टीवाला:

भावा, सतरंजी काढ आधी. आमच्या भट्टीलासुद्धा धुराडं असतंय, तू मशीन कपाटात कोंडून ठेवलंयस.

आणि ती काळी धूळ साधी न्हाई. मी उद्यमनगरातच हाय, मला म्हाईत हाय. ग्राइंडिंगची बारीक लोखंडी भुकटी असती त्यात. चुंबक फिरवून बघ. तसली धूळ बोर्डावर बसली तर शॉर्ट व्हायला किती वेळ? पॅनल काढून पंखा लावायचा नाद सोड. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेव, मोकळी फिरली तर बेअरिंग जातंय. सप्लाय उघडायचा न्हाई, वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरात करंट ऱ्हातोय. भाईरनंच फुंक. आणि गॅरेजचा कॉम्प्रेसर नको, त्यातनं पाणी येतंय.

सहजच:

यातून पैसे मिळतात का?

खासबागकर:

नाही. जातात.

दूधकट्टा:

डेझर्ट कूलर अजिबात नको. ओलसर हवा आणि लोखंडी धूळ, दोन्ही एका डब्यात कशाला?

मी इचलकरंजीत असाच उन्हाळा काढतो, तेव्हा थेट सांगतो. ३६०० मूळ सेटिंगवर ८८ वॅटपर्यंत खातो. बायॉसमध्ये (पीसी सुरू होतानाच उघडायच्या सेटिंगमध्ये) पीपीटी, म्हणजे प्रोसेसरने जास्तीत जास्त किती वीज खायची ती मर्यादा, ६० वॅट करा. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्के. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी व्होल्टेज बरंच चढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून एवढी कपात केली तरी काम फारसं कमी होत नाही.

बॉइंकमध्ये एक गोची आहे. 'सीपीयू टाइम किती टक्के' हा आकडा कमी करू नका. त्याने तो क्षणभर पळतो, क्षणभर थांबतो, तापमान झोके घेत राहतं. तो १०० च ठेवा, कमी करायचे तर 'किती टक्के सीपीयू' तिथे करा. तिथेच वेळ घालता येते. रात्री ९ ते सकाळी ७ ठेवा. आईनस्टाईनच्या कामांना साधारण १४ दिवसांची मुदत असते, घाई कुठे आहे? आधीच उतरवून ठेवलेल्या कामांचा साठा तेवढा कमी करा.

खासबागकर (आठ दिवसांनी):

सगळ्यांचे आभार. शनिवारी पीसी बाहेर काढून उताणा केला. पॉवर सप्लायखालच्या जाळीला सतरंजीचे धागे आणि काळी धूळ मिळून अक्षरशः नमदा झाला होता, नखाने सोलून काढला. भट्टीवाले, चुंबक फिरवलं. त्याला मिशा फुटल्या!

कॅबिनेट आता टेबलाबाहेर, विटांवर ठेवलंय, भिंतीपासून वीतभर लांब. पुढच्या जाळीला बारीक कापड लावलंय, दर रविवारी झटकतो. पीपीटी ६०, कार्ड ७०.

मुद्दाम दुपारी चारला, खोली ३६ असताना तासभर चालवून बघितलं: सीपीयू ७५, कार्ड ७१. रात्री सीपीयू ६६. कार्डाचं एक काम जेमतेम दहाव्या हिश्शाने लांबलं. प्लगवरच्या मीटरला आधी २७० वॅट दिसायचे, आता १८५. आधी चोवीस तासांचे महिन्याला १९५ युनिट जात होते, आता रात्रीचेच दहा तास म्हणून ५५. आमचं बिल ३०० युनिटच्या पुढच्या महाग टप्प्यात जात होतं ते आता अलीकडे राहील. घरातला निम्मा विरोध तिथेच मावळला. पीसी अजून एकदाही बंद पडलेला नाही, दोन दुपारी मुद्दाम ताणून बघितला.

प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट बदलायची राहिलीय, चार वर्षांची आहे. पण या सॉकेटमध्ये कूलर ओढला की प्रोसेसर त्यालाच चिकटून उपटून येतो आणि पिना वाकतात असं वाचलं. माझी छाती होत नाही. थोरला मे महिन्यात येईल, त्याच्याकडूनच करून घेईन म्हणतो.

पंचगंगाकाठ:

येऊ द्या त्याला. फक्त सांगा, आधी अर्धा तास बॉइंक चालवून पेस्ट गरम करायची. मग बंद करून वायर काढायची, चारही स्क्रू सोडवायचे आणि कूलर सरळ वर न ओढता बरणीच्या झाकणासारखा डावीकडे-उजवीकडे फिरवत सैल करायचा.

भट्टीवाला:

आणि सतरंजी परत घालू नको म्हणावं.