मदत हवी आहे: व्हिटॅमिन डी३चा कोर्स संपला, पुढे काय?

आई ६२ वर्षांची, राहते यावलला. रक्ततपासणीत व्हिटॅमिन डीची पातळी ९ आली होती. डॉक्टरांनी ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्याला एक, असे आठ आठवडे दिले. जेवणानंतर दुधातूनच घेतलं. आता रिपोर्ट २१. पाय दुखणं कमी झालंय, पण पातळी नॉर्मल धरतात त्या ३०च्या खालीच आहे. (जळगाव जिल्ह्याच्या उन्हात राहून डी कमी कसं, हे सगळ्यांचं विचारून झालंय, ती दुपारी उंबऱ्याबाहेर पडत नाही.) रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) नॉर्मल. पूर्वी मुतखडा झालेला, त्यामुळे मनाने डोस वाढवणार नाही. शुद्ध शाकाहारी, अंडी-मासे सुचवू नका. डॉक्टर सध्या बाहेरगावी आहेत. अशा वेळी तुमच्या घरी आठवड्याचाच कोर्स पुन्हा दिला, की महिन्याला एक सॅशे? आणि मुतखडा होऊन गेलेल्यांना सोबत कॅल्शियमची गोळी दिली का?