मदत हवी आहे: पिठल्याचा पिवळा कसा कालवायचा? (आणि थोडं बाकीचंही)

नमस्कार मंडळी. हा धागा चित्रकला विभागात टाकावा की 'मनातलं' मध्ये, ते ठरेना. प्रश्न रंगाचा आहे, म्हणून चित्रकलेत टाकतेय. विषय भरकटला तर समजून घ्या.

आमचा पिठल्या जाऊन पावणेतीन महिने झाले. गावठी कुत्रा, तेरा वर्षांचा. रंग घट्ट पिठल्यासारखा, म्हणून नाव पिठल्या. किडन्या गेल्या होत्या. शेवटचे पाच आठवडे रोज संध्याकाळी मानेजवळच्या कातडीखाली सलाईन द्यायचं होतं, ते डॉक्टरांकडून शिकून घेऊन मी घरीच द्यायचे. मी म्हणजे स्वतःचं रक्त तपासायला गेले तरी तोंड फिरवून बसणारी बाई. बाटली कॅलेंडरच्या खिळ्याला टांगायची, आई त्याच्या कपाळावरून अंगठा फिरवत बसायची आणि बाटलीतले थेंब बघत आम्ही तिघं गप्प. आता संध्याकाळचे सात वाजले की मला हातांचं काय करावं ते कळत नाही. खरंच सांगते, मनाचं नंतर बघू, आधी हातांचं काहीतरी करायला हवंय.

सकाळी कणीक अजून त्याच्या दोन पोळ्यांची जास्त मळली जाते. आई काही बोलत नाही. रात्री फोडणीची पोळी करते.

"दुसरं पिल्लू आणा" हा सल्ला मिळाला आहे. धर्मराजाच्या कुत्र्याची गोष्ट ऑफिसात तिघांनी तीन वेळा सांगितली आहे, तेव्हा ती कृपया नको.

तर, आधी क्रोशा करून बघितला. वीतभर झाला आणि कंटाळले. मग आठवलं, शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, इंटरमिजिएटला बी ग्रेडही होती. तेवढ्या भांडवलावर जलरंगाची पेटी आणली आणि त्याचं चित्र काढायला बसले. सात प्रयत्न झालेत. लेमन यलो घेतला की हळद सांडल्यासारखा दिसतो, त्यात ब्राऊन घातला की चिखल होतो. कागदाचे पापड होतात. आणि डोळ्यांपाशी आले की मी ब्रश धुऊन ठेवून देते. सातही चित्रांना डोळे नाहीत. आईने परवा ती चळत बघितली आणि म्हणाली, "अगं, भुतं का काढून ठेवलीस?"

आणखी एक, हे जरा विचित्र आहे. चित्र काढायला बसते तेव्हा दीडेक तास मला त्याची आठवणच येत नाही. नुसता रंग, पाणी, कागद. उठले की एकदम अपराधी वाटतं. त्याचंच चित्र काढताना त्याला विसरायचं, हे काय आहे?

तो झोपायचा ती गोधडी आजीच्या लुगड्यांची आहे, मधोमध कुरतडलेली. त्याचा वास आहे अजून. आई म्हणते धू, माझा हात होत नाही. तिचं काही करता येईल का?

– कणीक_जास्त, सातारा

ओलाकागद: आधी रंगाचं बोलू. लेमन यलो पेटीतून उचलून कपाटात ठेवा, गावठी कुत्र्यात तो कुठेच नसतो. यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, आणा. त्यात बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, अगदी सुईच्या टोकावर येईल इतका. हा झाला तुमचा पिठल्या. सावलीसाठी ब्राऊन किंवा काळा मिसळू नका, तुमचा चिखल तिथेच होतोय. बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन ब्लू घाला, छान ऊबदार करडा तयार होतो. तो पातळ करून पोटाखाली, मानेखाली, कानाच्या आत लावा. आणि एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा लावू नका. दुःखात माणूस घाई करतो, जलरंग ऐकत नाही.

पापड होतात कारण कागद पातळ आहे. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या. पुण्याला येणं झालं तर शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० सालापासूनची. तिथला जाड कागद बघा. आधी एकाच तुकड्यावर पाणी सोडून पाहा, काही हातकागद रंग फार पितात.

केस एकेक काढत बसू नका. फोटोत केसांची दिशा कुठून कुठे जाते ते पेन्सिलीने बाणांनी आखून घ्या. नाकापासून कपाळाकडे वर, मग कानामागून मानेवर खाली. ब्रश त्या बाणांनी फिरला की बाकीचं डोळा आपोआप भरून घेतो.

तिरकस: धर्मराजाची गोष्ट नको म्हणालात, म्हणून दुसरी सांगतो. इ.स. ९४९ च्या सुमाराचा आतकूरचा शिलालेख, कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात सापडला. राष्ट्रकूट कृष्ण तिसरा आणि चोळ यांच्यात तक्कोलमची लढाई झाली. त्यात गंग राजा बुतुग राष्ट्रकूटांकडून लढला. त्याचा मणलेर नावाचा सरदार असा काही लढला की राजा म्हणाला, माग काय हवं ते. त्याने गाव मागितलं नाही, सोनं मागितलं नाही. राजाची काळी नावाची शिकारी कुत्री मागून घेतली. पुढे ती कुत्री रानडुकराशी झुंजली आणि दोघंही मेली. मणलेराने तिच्यासाठी देवळासमोर दगड उभा केला. वर कुत्री आणि डुकराची झुंज कोरलेली आहे. दगड आता बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे.

म्हणजे हजार वर्षांपूर्वी एका लढवय्या गड्याला हातांचं काहीतरी करावंसं वाटलं होतं. त्याने पाथरवट बोलावला, तुम्ही यलो ऑकर आणा.

कणीक_जास्त: @तिरकस, हे आईला वाचून दाखवलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "रोजचं खायला काय घालत असेल तिला?"

टाका_धावता: गोधडीवर मी बोलते, माझा हाच उद्योग आहे. धुऊ नका. निदान सगळी नको. मधला कुरतडलेला तुकडा कापून काढा, चांगला दोन दिवस सावलीत वाळवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओलसर राहिला तर बुरशी येईल आणि वास कायमचा जाईल, म्हणून वाळवणं महत्त्वाचं. बाकीची गोधडी गार पाण्यात, साध्या साबणाने हातानेच धुवा. जुन्या लुगड्याला मशीन लावलंत तर चिंध्या हातात येतील.

मग त्या धुतलेल्या भागाची छोटी गोधडी शिवा, मांडीवर मावेल एवढी. वर्तमानपत्राएवढी पुरे. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळकडे सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात. त्या कडेने सुरुवात करतात आणि गोल गोल आत येत मध्यावर संपवतात. चारी कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी शिवतात, तिला फुला म्हणतात. फुल्याशिवाय कवंदी पुरी होत नाही. ही पद्धत मी तुम्हाला मुद्दाम सुचवतेय. नक्षी ठरवावी लागत नाही, काही मोजावं लागत नाही, नुसता धावदोरा घालत पुढे जायचं. सात वाजताच्या हातांना नेमकं हेच हवं असतं. चित्राला डोकं लागतं, गोधडीला लागत नाही.

माझी मांजर गेली तेव्हा मी तिच्या गळ्यातला घुंगरू एका फुल्याच्या आत शिवून टाकला. दिसत नाही. गोधडी झटकली की वाजतो.

नवीन_सभासद_३: त्याचे केस जमवले असतील तर सूत कातता येतं असं ऐकलंय?

टाका_धावता: @नवीन_सभासद_३, लांब आणि मऊ आतली लव असलेल्या जातींचं होतं, उदाहरणार्थ सामोयेड. गावठ्याचे केस आखूड आणि ताठ, पीळ धरत नाहीत. उगाच त्रास करून घेऊ नका. चिमूटभर असतील तर फुल्यात जातील.

पारावरचा: राग मानू नका, पण इतकं? माणसं जातात तेव्हा आपण तेराव्याला जेवून कामाला लागतो.

मधली_खोली: @पारावरचा, तुम्ही स्वतःच उत्तर दिलंत. माणूस गेला की तेरा दिवस असतात. लोक येतात, पिठलं-भात घेऊन येतात (इथे हा शब्द वापरताना मलाच कसंतरी झालं, ताई, माफ करा), रजा मिळते, कुणी विचारत नाही की इतकं का. कुत्रा गेला तर दुसऱ्या दिवशी ऑफिस. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये यावर लिहिलं. ज्या दुःखाला भोवतालचे लोक दुःख म्हणून मोजतच नाहीत, ते अडकून बसतं. मी समुपदेशनाचं काम करते, पाळीव प्राणी गेलेली माणसं माझ्याकडे दुसरंच काही कारण सांगून येतात. झोप लागत नाही, ॲसिडिटी झालीय. तिसऱ्या भेटीत कुत्र्याचं नाव निघतं.

ताई, दीड तास विसरण्याबद्दल. त्या दीड तासात तुम्ही त्याला विसरत नाही, त्याच्या जाण्याला विसरता. शेवटचे पाच आठवडे सुई, बाटली, थेंब यांनी आधीची तेरा वर्षं झाकून टाकली असतील. आजारपण जवळून काढलेल्यांचं हे होतंच. चित्र काढताना तुम्ही कानाचा आकार बघता, छातीवरची लव बघता, म्हणजे धडधाकट पिठल्या बघता. यात अपराध कसला?

चित्र जमत नसेल त्या दिवशी लिहून बघा. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाची पद्धत सोपी आहे. चार दिवस सलग, रोज पंधरा मिनिटं, शुद्धलेखन न बघता, कुणाला न दाखवता. पहिल्या-दुसऱ्या दिवशी उलट जास्त रडू येतं, तेव्हा ऑफिसला निघायच्या आधी लिहू नका. आणि जेवण-झोप अगदीच बिघडली असेल, किंवा आता जगून काय करू असं मनात येत असेल, तर छंदावर विसंबून राहू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

कणीक_जास्त: @मधली_खोली, तेवढं काही नाही, जेवते आहे, झोपतेही. पण "जाण्याला विसरता" हे वाचून थोडा वेळ मोबाईल पालथा घालून ठेवला. पिठलं-भाताचं मनाला लावून घेऊ नका, आमच्याकडे अजून केलेलं नाही. करू लवकरच, आईला आवडतं.

@पारावरचा, राग नाही. वडील गेले तेव्हा मीही तेराव्यानंतर लगेच कामाला लागले होते. तेव्हा घरी आल्यावर दारात पिठल्या असायचा.

पारावरचा: चुकलं माझं.

ओलाकागद: डोळ्यांचं राहिलं होतं. तुम्ही डोळे शेवटी काढताय म्हणून अडताय. मी प्राण्यांची चित्रं डोळ्यांपासूनच सुरू करतो. कागद कोरा असतो, समोर अजून कुणी नसतं, त्यामुळे भीती वाटत नाही. एक डोळा म्हणजे शेंगदाण्याएवढा बर्न्ट सिएनाचा ठिपका, वरच्या पापणीखाली गडद. आणि खिडकीचा उजेड चमकतो ती टाचणीच्या डोक्याएवढी जागा पांढरी सोडायची. नंतर पांढरा रंग लावून ती चमक येत नाही, कागदच सोडावा लागतो. हे जमलं की कुत्रा बघायला लागतो तुमच्याकडे. मग बाकीचं चित्र त्याच्याशी गप्पा मारत पुरं करा.

प्रमाण चुकत असेल तर फोटोवर आणि कागदावर सारख्या चौकटी आखून घ्या. यात काही कमीपणा नाही.

(साडेतीन आठवड्यांनी)

कणीक_जास्त: सगळ्यांना मनापासून धन्यवाद, खबर द्यायला आले.

यलो ऑकर! एवढासा डबा आणि मी महिनाभर हळद कालवत बसले होते. पहिला हात फिरवला आणि अंगावर काटा आला. बरोबर तोच. मग बर्न्ट सिएना जरा जास्त पडला आणि पाठ तांबूस झाली, पण इथल्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत फिरून आल्यावर संध्याकाळच्या उन्हात तो तसाच दिसायचा, म्हणून राहू दिलं.

डोळ्यांपासून सुरू केलं. डावा पहिल्याच झटक्यात आला. उजवा तीन दिवसांनी.

गोधडी आईने घेतली. मी शिवणार होते, पण मी कापत असताना ती शेजारी येऊन बसली आणि सुई मागून घेतली. सात वाजले की ती धावदोरा घालते आणि मी सुईत दोरा ओवून देते, तिला आता नाकं दिसत नाही. तीन फुले झालेत. चौथ्यात काय घालायचं यावरून वाद चाललाय. मी म्हणते पट्ट्याचं बक्कल, ती म्हणते टोचेल.

आता खरी अडचण. चित्र पुरं झालं, भिंतीवर लावलं, त्याच कॅलेंडरच्या खिळ्याला. आई बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "छान आहे, पण हा पिठल्या नाही. त्याची खाच उजव्या कानाला होती."

नसबंदी झाल्याची खूण म्हणून रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानाला खाच पाडतात ना, ती. आम्ही त्याला उचलून आणला तेव्हापासूनची. मी फोटो काढून बघितले. सगळ्यांत उजवा, आणि मी ज्यावरून चित्र काढलं तेवढ्या एकात डावा. तो माझा आणि त्याचा सेल्फी होता, जुन्या मोबाईलवरचा. आरशासारखा उलटा साठवलेला!

@ओलाकागद, कान दुरुस्त करता येईल का? की सगळंच परत काढू?

ओलाकागद: दुरुस्त करायला जाऊ नका. वाळलेला रंग ओल्या ब्रशने थोडा उचलता येतो, पण खाच भरायला गेलात तर तिथे डाग दिसेल. चित्र काढून खिडकीच्या काचेवर पालथं धरा, दिवसा. मागून रेषा दिसतील, कागद जाड आहे तरी गडद भाग दिसतातच. वर पातळ कागद ठेवून गिरवून घ्या. डोळे, नाक, दोन्ही कान. सगळं सुलट होईल. त्यावरून दुसरं काढा.

टाका_धावता: आणि बक्कलाला चिंधी गुंडाळून घाला, टोचणार नाही.

कणीक_जास्त: आईला सांगितलं. ती म्हणते, चिंधी हिरव्या लुगड्याची घे. उद्या रविवार आहे, सकाळी ऊन आलं की खिडकीशी बसते.