चढलात ते कळलं, उतरलात कसे ते सांगा (अनुभव धागा)

ठाणेकर_पायपीट :

नमस्कार मंडळी. परवा रविवारी कलावंतीणच्या सुळक्यावर जाऊन आलो, फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकले, अंगठे पण भरपूर आले, पण वरून उतरताना माझी जी काय अवस्था झाली ती एकाही फोटोत नाही, म्हणून हा धागा.

पनवेलहून ठाकूरवाडी आणि तिथून प्रबळमाची, इथपर्यंत दम लागला एवढंच. सहा महिने घोडबंदरला आमच्या बिल्डिंगचे आठ मजले रोज जिन्याने चढत होतो, त्यामुळे छातीची तयारी होती. माचीवरून प्रबळगड आणि कलावंतीणच्या मधल्या खिंडीत आलो आणि मग त्या कातळात खोदलेल्या पायऱ्या. काही काही गुडघ्याएवढ्या उंच, बाजूला कठडा बिठडा काही नाही. पण चढताना नाकासमोर फक्त पुढची पायरी असते त्यामुळे काही जाणवत नाही. शेवटचा कातळटप्पा दोराला लोंबकळत कसाबसा चढलो, फोटो काढला, मागे वळलो, तर पायऱ्या दिसेचनात. पायाखाली डायरेक्ट माचीवरची घरं, काडेपेटीएवढी. मांड्या लटलट कापायला लागल्या, आणि ते दमल्यामुळे नव्हतं हे मला तेव्हाच कळत होतं. बसलो तो अर्धा तास बसूनच. मागे रांग लागली. एक पोरगा म्हणतो काका जरा साइड द्या ना. अरे साइडला दरी आहे, कुठली साइड देऊ?

शेवटी माचीवरचा एक वाटाड्या दुसऱ्या कुणाला तरी घेऊन वर आला होता, त्याने बघितलं. म्हणाला, "दादा, वळा. भिंतीकडं तोंड करा. शिडी उतरता ना घरी, तसं." माळ्यावरची शिडी डोळ्यासमोर आली आणि का कोण जाणे डोकं जरा शांत झालं. दोन्ही हातांनी वरची पायरी धरायची आणि पायाने खालची चाचपडायची. पायरी लागेपर्यंत पाय हवेत असतो ना, तेवढ्यात घरचे सगळे आठवतात.

तर तुम्हाला काय जड गेलं, शरीर की डोकं? खरं लिहा. फोटो नकोत.

नेरूळवाली :

माझं शरीर. माहुली. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच, ती मी आधी केली होती, तर २८१५ फुटांची माहुली म्हणजे काय, अशा गुर्मीत गेले. पण कळसूबाईला बारी गावच एवढं वर आहे की बरीचशी उंची गाडीच चढते, आणि माहुलीचा पायथा कोकणात, म्हणजे आसनगावला लोकलमधून उतरून रिक्षाने गावात गेलात की तिथून जवळजवळ सगळी उंची आपल्या पायांनी. त्यात ऑक्टोबर. तीन लिटर पाणी प्यायले तरी शिडीच्या अलीकडे दोन्ही पोटऱ्यांत गोळे, मला वाटलं पाणी कमी पडलं म्हणून अजून प्यायले तर मळमळायला लागलं. एका काकांनी ओआरएसचं पाकीट दिलं आणि वर झापलं, मीठ घामातून गेलंय आणि तू नुसतं पाणी ओतत्येस. तेव्हापासून सॅकमध्ये लिंबू, साखर, मीठ असतंच.

आणि उतरताना बुटात अंगठा पुढे आपटून आपटून नख काळंनिळं. दोन महिन्यांनी गळून पडलं, अख्खं. बूट घेताना संध्याकाळी जा, पाय सुजलेले असताना, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा.

ऐरोली_लोकल :

रोज ठाणे-वाशी दारात उभं राहून जातो, भीती वगैरे काही नाही. पण ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी ठाणे स्टेशनचा पूल उतरताना जे हाल होतात त्याला तोड नाही, खेकड्यासारखा आडवा उतरतो 😂

फिजिओ_पण_ट्रेकर :

@ऐरोली_लोकल ते साहजिक आहे. चढताना मांडीचा स्नायू आखडून जोर लावतो, उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो. त्याने आतले तंतू जास्त दुखावतात आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जातं. म्हणजे घोडबंदरवाल्यांनी आठ मजले चढून लिफ्टने खाली येण्याऐवजी जिन्यानेच उतरायला पाहिजे होतं. लिफ्टनेच येत होतात ना? वाटलंच. काठ्या वापरा, गुडघ्यावरचा भार कमी होतो. पण कलावंतीणच्या पायऱ्यांवर काठ्या सॅकला बांधा, तिथे हात मोकळे हवेत.

घसारा :

डोकं. नळीची वाट, बेलपाड्याहून हरिश्चंद्रगड. ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी, ती वाट म्हणजे दगडधोंड्यांनी भरलेली उभी नाळ, कोकणकड्याच्या कुशीतून वर जाते. पाय टाकला की दगड सुटतो आणि सुटला की "दगड!" म्हणून बोंबलायचं, खालचे सगळे भिंतीला चिकटतात. माझ्या पायाखालून नारळाएवढा सुटला आणि माझा आवाजच फुटला नाही. खरंच नाही फुटला, तोंड उघडं आणि आवाज नाही. खाली माझा मित्र, दगड हेल्मेटला घासून खांद्यावर बसला. हाड वाचलं, तो हसला पण. मी नाही हसलो. पुढचे चार तास प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी दगड दोनदा दाबून बघत होतो, माझ्यामुळे सगळा ग्रुप लेट, अंधार पडला. कोकणकड्यावर बाकीचे पालथे झोपून दरी बघत होते, मी तंबूत. दुसऱ्या दिवशी तोलारखिंडीने खिरेश्वरला उतरलो, सोपी वाट, तरी सगळ्यांच्या शेवटी चाललो. माझ्या खाली कोणी असलं की अजून तेच होतं.

मुरबाड_रोड :

मी गोरखगडाच्या गुहेतूनच परत आले. देहरीतून गुहेपर्यंत व्यवस्थित गेले, समोर मच्छिंद्रगडाचा सुळका बघत डबा खाल्ला, आणि वरचा सुळका बघितल्यावर पोटात गोळा आला म्हणून म्हटलं मी इथेच थांबते. ज्यांच्याबरोबर गेले होते त्या ग्रुपच्या लीडरने सगळ्यांसमोर "म्याडम घाबरल्या" म्हणून व्हिडिओ काढला. पैसे भरून गेले होते हो मी. आता नवऱ्याबरोबर जाते, आणि तो माझ्यापेक्षा जास्त घाबरतो त्यामुळे बरं पडतं.

नेरूळवाली :

@मुरबाड_रोड ताई, माहुलीला चला आमच्याबरोबर, सगळ्या बायकाच आहोत. शिडी नको वाटली तर खाली बसू.

ठाणेकर_पायपीट :

वाचतोय सगळं. फिजिओसाहेब, हो, लिफ्टनेच येत होतो. आज बुधवार, मांड्या अजून भरलेल्याच आहेत आणि नेमकी लिफ्ट बंद. सकाळी जिना भिंतीकडे तोंड करून उलटा उतरत होतो, कठडा धरून, पाय चाचपडत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, काय हरवलंय का?