दुधी लागतो, बोटभर होतो आणि पिवळा पडून गळतो

गच्चीतली सुमा
मंडळी, डोक्याला ताप झालाय. आम्ही डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतो. सेक्रेटरींच्या मागे लागून लागून गच्चीवर पाण्याच्या टाकीमागचा कोपरा मिळवला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात रंगाच्या २० लिटरच्या बादलीत दुधी लावला. बी सासूबाईंचं, चिपळूणहून आणलेलं. त्या दरवर्षी एक दुधी वेलावरच जून होऊ देतात आणि मग माळ्याला टांगतात.

वेल उंडारलाय नुसता. टाकीच्या पाइपावरून शेजाऱ्यांच्या डिशपर्यंत पोचलाय. जुलैअखेर पांढरी फुलं आली, सगळी नर. मग छोटे दुधी घेऊन मादी फुलंही आली. आत्तापर्यंत ११ आली आणि अकराही गेली. बोटाएवढी होतात, टोकाकडून पिवळी पडतात, गळतात.

हाताने परागीकरणही करून पाहिलं. सकाळचे डबे झाले की साडेआठला वर जाते, नर फूल तोडून मादी फुलाला लावते. गेल्या वर्षी लाल भोपळ्याला असंच केलं होतं, दोन भोपळे मिळाले. सासूबाईंना फोन केला तर म्हणाल्या, "आमच्याकडे कोण बसलंय फुलांची लग्नं लावत? आपापली लागतात." आता काय बोलणार!

खत म्हणाल तर शेणखत आणि दर चार दिवसांनी तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी. काय चुकतंय?

मळ्यातला माणूस
ताई, तुम्ही लाल भोपळ्याचा मुहूर्त दुधीला लावताय.

भोपळ्याचं पिवळं फूल पहाटे उमलतं, दहापर्यंत मिटतं. त्याचं काम मधमाश्या करतात. दुधीचं फूल पांढरं का, विचार करा. ते दिवेलागणीला उमलतं आणि त्याच्यावर रात्रीचे पतंग येतात. अंधारात पांढरंच दिसणार ना. साडेआठला तुम्ही जाता तोवर फुलाने मान टाकलेली असते. त्या वेळी लग्न लावून उपयोग नाही, वऱ्हाड घरी गेलं.

संध्याकाळी साडेसहा-सातला जा. लांब देठाचं ते नर. ते तोडा, पाकळ्या मागे मुडपा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने सगळीकडून फिरवा. एका मादीला दोन नर वापरले तर उत्तम. पाऊस असेल तर नंतर मादी फुलाच्या पाकळ्या वर घेऊन दोऱ्याने सैलसर बांधा, पराग धुऊन जात नाहीत. चार दिवसांत फळ फुगायला लागलं आणि त्याने खाली मान घातली की समजा जमलं.

सासूबाई बरोबरच बोलतात. त्यांच्या परड्यात पतंग आहेत. तुमच्या गच्चीवर कुठून येणार?

कुंडीभर पुणे
वरच्या उत्तराला अनुमोदन. फक्त बादली लहान आहे हो. दुधीला निदान ४०-५० लिटर माती लागते, नाहीतर दुपारी पानं लोंबतात आणि वेल स्वतःच फळं टाकतो. आता बदलू नका, मुळं दुखावतील. दिवसातून दोनदा पाणी द्या आणि वर वाळक्या पानांचा थर टाका.

दुसरं, शेंडा खुडला होता का? मुख्य वेल ६-७ फूट झाला की टोक खुडायचं. बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात. तुमचा वेल डिशवर चढून सरळच गेलाय, म्हणून नरांची जत्रा. शेणखत आता थांबवा, पाला भरपूर झालाय. मूठभर लाकडाची राख चालेल.

बाजारूप्रसाद
आमच्या नाक्यावर ३० रुपयांना दुधी मिळतो. चिरून देतो की नाही ते विचारायचं राहिलंय.

गच्चीतली सुमा
बाजारूप्रसाद, हिशोब माझ्याकडेही आहे. माती, बादली, सुतळी, कोकोपीट मिळून १,१४० रुपये. नवऱ्याने फ्रिजवर चिकटवून ठेवलाय.

मळ्यातले दादा, तुम्हाला साष्टांग! त्याच दिवशी सातला वर गेले. फुलं खरंच ताठ, कोरी पांढरी, मंद वास. इतके दिवस मी मेलेली फुलंच बघत होते! तीन मादी फुलांना लावलं. एक गळलं, दोन धरलीत. आज नववा दिवस, मोठा वीतभर झालाय. फळमाशी बसू नये म्हणून जुन्या ओढणीचा तुकडा सैल गुंडाळलाय. सासरे म्हणाले, बाळंतीण आहे का ती?

अर्धा डबा
एक महत्त्वाचं. घरचं बी असलं की करण्याआधी चिरलेला बारीक तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंका आणि पूर्ण दुधी फेका. मीठ-साखर घालून किंवा शिजवून तो कडूपणा जात नाही आणि कडू दुधीच्या रसाने माणसं दवाखान्यात गेलेली आहेत. बहुतेक वेळा काही नसतं, पण ही सवय सोडू नका.

गच्चीतली सुमा
चौदाव्या दिवशी काढला. नख सहज टोचलं, वजन ७४० ग्रॅम. तुकडा चाखला, गोड. बिया इतक्या कोवळ्या की काढल्याच नाहीत.

भिजवलेली चणाडाळ, फोडणीत जिरं-हिंग, ओली मिरची, वरून खोबरं. पाणी टाकलंच नाही, झाकणावरच्या वाफेवर शिजला. सालीची तीळ-लसूण घालून चटणी. सासरे दुधीला आयुष्यभर 'आजाऱ्याची भाजी' म्हणत आलेत. दुसऱ्यांदा वाढायला गेले तर नको म्हणाले आणि नंतर कढईतली चटणी पोळीने पुसून खाल्ली. शेजारच्या डिशवाल्यांना वाटीभर दिली, वेलाचं भाडं म्हणून.

दुसरा दुधी बियाण्याला ठेवू का? वेलावर एक जून होत बसला तर नवीन फळं धरत नाहीत असं ऐकलंय.

मळ्यातला माणूस
बरोबर ऐकलंय. आता खाऊन घ्या. सप्टेंबरअखेर वेल थकायला लागला की शेवटचा ठेवा. आणि नर फुलं उरतात ती फेकू नका, बेसनात बुडवून भजी करा. आमच्याकडे भोपळ्याच्या फुलांची करतात, दुधीच्याही होतात. थोडी कमी चवीची, पण पावसात कोण बघतंय.