न दुखणारा जोडीचा दातही दाखवा

'दातात दात' असलेल्या दाताबद्दल इथे कोणीतरी 'कीड नाही तर रूट कॅनल कशाला, सरळ काढून टाका' असा सल्ला दिलाय, तो पटला नाही. या प्रकारात दात हिरडीखाली घडत असतानाच एनॅमल (दातावरचं कठीण कवच) आत दुमडतं, हातमोज्याचं बोट आत ढकलावं तसं. मागच्या बाजूला बारीक खड्डा राहतो आणि घडीतल्या पातळ एनॅमलमधून जंतू दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचतात. म्हणून दात दिसायला धडधाकट, आणि हिरडीवर पुवाची पुळी! ओहलर्स या दंततज्ज्ञाने 1957 मध्ये याचे तीन प्रकार पाडले. पहिल्यात घडी दाताच्या माथ्यापुरतीच असते, तिसऱ्यात ती थेट मुळाच्या कडेला किंवा टोकाशी बाहेर फुटते. त्याचं रूट कॅनल अवघड असतं, आधी सीबीसीटी (दाताचा त्रिमितीय एक्स-रे) काढलेला बरा. तरी दात काढणं हा शेवटचाच उपाय.

कोणी न लिहिलेली गोष्ट म्हणजे हे बहुतेक वरच्या, मधल्या दोन दातांना लागून असलेल्या पटाशीत होतं, आणि बऱ्याचदा दोन्हीकडे. अमळनेरच्या माझ्या भाचीचा एकच दात सुजला होता, पण धुळ्याच्या डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूचाही एक्स-रे काढला. त्यातही घडी निघाली. नस जिवंत होती, म्हणून खड्डा साफ करून सीलंटने बुजवला. इंजेक्शनसुद्धा लागलं नाही. आजीचं आपलं चालूच, 'दात ते धड शे, मंग काबरं कोरतस?' सुजलेल्या दाताच्या मुळाचं टोक अजून मिटलं नव्हतं, तिथे एमटीए (मुळाचं टोक बुजवायचं सिमेंट) भरावं लागलं. सीलंट सुटलं नाही ना, हे मात्र अधूनमधून तपासून घ्यावं लागतं.