मदत हवी आहे: सालामांकाच्या सेन्योराला 'मासेही नकोत' हे कसं सांगू?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सांगलीची, सध्या पुण्यात तिसऱ्या वर्षाला. सप्टेंबर ते डिसेंबर स्पेनला, सालामांकात स्पॅनिश शिकायला चाललेय. व्हिसा, विमा, तिकीट सगळं झालंय, त्यासाठी हा धागा नाही. राहायची सोय एका घरी लावून दिली आहे. साठी ओलांडलेल्या एक बाई (तिकडे 'सेन्योरा') आहेत, एकट्याच असतात. मुलं माद्रिदला. घरात एक कुत्रा. तिसरा मजला, मला वेगळी खोली, आणि तिन्ही वेळचं जेवण त्यांच्याचकडे.

गेल्या आठवड्यात त्यांची मेल आली. इतकी गोड की मी दोनदा मोठ्याने वाचली. "मी तुला बसस्टँडवर घ्यायला येईन, कुत्र्याला घेऊन येईन म्हणजे तू मला लगेच ओळखशील, आणि तू काय खात नाहीस ते आधीच कळव." मी शब्दकोश न उघडता उत्तर लिहिलं, त्याचा केवढा अभिमान वाटला! 'सोय बेखेतारियाना.' मी शाकाहारी आहे. अर्ध्या तासात त्यांचं उत्तर: "अजिबात काळजी करू नकोस, मी मासे फार छान करते."

चार दिवस झाले, मी नुसती ती मेल उघडून बघतेय.

घरी आम्ही पक्के शाकाहारी. अंडं मी बाहेर खाते, आईला माहीत आहे, आजीला नाही (आजी इथे येत नाही ते बरंय). म्हणजे अंड्याची अडचण नाही, पण मासे माझ्या घशाखाली उतरणार नाहीत. आता पहिल्याच ओळखीत "हे नको, ते नको" अशी यादी पाठवायची म्हणजे मुलगी बघायच्या कार्यक्रमात हुंड्याचं बोलल्यासारखं वाटतंय. कसं लिहू?

दुसरं, त्यांना हाक काय मारायची? क्लासमध्ये 'उस्तेद' शिकवलं, म्हणजे आपलं अहो-जाहो. पण सर म्हणतात स्पेनमध्ये आता घरात ते कुणी वापरत नाही, सरळ नाव घ्यायचं आणि 'तू' म्हणायचं. माझ्या आजीपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असतील त्या. तोंडातून निघेल का?

आणि ती बसस्टँडवरची पहिली पाच मिनिटं. आई म्हणते वाकून नमस्कार कर, कुठल्याही देशात मोठ्यांना आवडतोच. बाबा म्हणतात शेकहँड. मला काहीच सुचत नाही. भेट म्हणून आईने पेढे आणि घरचं तूप काढून ठेवलंय.

अनुभवी लोकांनी सांगा, प्लीज. २९ ऑगस्टला रात्रीचं विमान आहे.

— सांगलीची_चिमणी

रात्रीची_बस:

चिमणे, मी सालामांकातच एका घरी सात महिने राहून आलेय, तेव्हा सविस्तर लिहिते.

आधी आईला सांग, पेढे आणि तूप बॅगेतून बाहेर. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. तपासणीत सापडलं तर डबा तिथेच जातो. त्यापेक्षा बाकरवडी ने. शिवाय एखादी छोटी पितळी समई किंवा खणाचं कापड. माझ्या सेन्योराने खणाचा तुकडा टीव्हीखाली अंथरला होता, अगदी आपल्यासारखा.

आता मासे. त्यांनी तुझं म्हणणं टाळलं असं समजू नकोस. तिथे बऱ्याच लोकांच्या लेखी 'कार्ने' म्हणजे गाई-डुकराचं लाल मांस. टुना हा टुना असतो, आणि खामोन म्हणजे ते मिठात सुकवलेलं डुकराचं मांस, ते तर चवीपुरतं! त्यामुळे 'शाकाहारी' या एका शब्दावर विसंबू नको. सरळ वस्तूंची नावं लिही, आणि तू म्हणतेस तशी नकारांची यादी आधी नको. आधी काय खातेस ते लिही. त्या बाईला सोमवारी सकाळी भाजीवाल्याकडे काय घ्यायचं हा प्रश्न आहे, तुझ्या तत्त्वांचा नाही. असं लिही:

'कोमो उएबोस, लेन्तेखास, गार्बांथोस, आरोथ, पातातास, केसो, योगुर. नो कोमो कार्ने, पेस्कादो, आतून, खामोन, नी काल्दो दे कार्ने.'

अंडी, मसूर, छोले, भात, बटाटे, चीज, दही खाते. मांस, मासे, टुना, खामोन आणि मांसाचं पाणी नको. ते शेवटचं 'काल्दो' विसरू नकोस, निम्म्या सुपांचा पाया तोच असतो. आणि 'सिन', म्हणजे 'शिवाय', हा शब्द घोकून ठेव. मी पहिल्या आठवड्यात "मसूर चालतील" एवढंच म्हटलं. ताटलीत आले ते चोरिथो घालून शिजवलेले. मी तोंड पाडल्यावर माझ्या सेन्योराने चमच्याने तो सॉसेजचा तुकडा उचलला, स्वतःच्या ताटलीत टाकला आणि म्हणाली, "घे, झालं शाकाहारी." वरती तांबडं तेल तरंगतंय! मला हसावं का रडावं कळेना. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात तिच्या शेजारी उभी राहिले आणि मसूर कुकरला लावायच्या आधीच माझा वाटा वेगळा काढायला सांगितला. हो, कुकर आहे त्यांच्याकडे. 'ओया एक्सप्रेस' म्हणतात. आपल्यासारख्या मोजून तीन शिट्ट्या नाहीत, वरचं बोंड फुसफुसत गोल फिरत राहतं. पण वास तोच, घरचा.

बाकी बटाटा-अंड्याची तोर्तिया तुला आठवड्यातून दोनदा मिळेल. कांदा घालायचा की नाही यावर तिथे घरोघरी वाद असतो, तू कुणाची बाजू घेऊ नकोस.

जुना_वाचक:

ज्या गावाला जायचं तिथलं खावं. एवढं सोवळं असेल तर पुण्यातच क्लास लावायचा.

रात्रीची_बस:

काका, धागा सोवळ्याचा नाही. ती पैसे भरून राहणार आहे, आणि बाईंनी स्वतःहून विचारलंय काय खात नाहीस म्हणून.

तिळगूळ_घ्या:

वाकून नमस्काराबद्दल स्वानुभव. मी स्पेनमधल्याच सेव्हियात पहिल्या दिवशी दारातच वाकलो. सेन्योरा दचकून मागे सरकली, मग माझ्या शेजारी खाली वाकून फरशीवर बघायला लागली. तिला वाटलं माझी लेन्स पडली. दोन मिनिटं आम्ही दोघंही शोधत होतो, कारण 'नमस्कार करत होतो' हे स्पॅनिशमध्ये मला सांगता येईना.

तिथे 'दोस बेसोस' असतात. दोन्ही गालांना गाल, आधी उजवा गाल पुढे करायचा. ओठ टेकवायचे नाहीत, हवेत नुसता आवाज. बाई-बाईत आणि बाई-पुरुषात हे चालतं, पुरुष-पुरुष बहुतेक हात मिळवतात. तू ताठ उभी राहिलीस तरी त्या येतील जवळ, तू फक्त मान मागे घेऊ नकोस. कुत्र्याशी आधी बोललीस तर अर्धं काम तिथेच होईल.

हाक मारायचं म्हणशील तर सर बरोबर आहेत, पण तू पहिलं वाक्य 'उस्तेद'मध्येच टाक: 'कोमो किएरे के ला यामे?' तुम्हाला काय म्हणू? नव्वद टक्के उत्तर येईल, 'तुतेआमे', म्हणजे मला 'तू' म्हण. मग परवानगी मिळाल्यासारखं होतं आणि जीभ अडत नाही. मला तरी पंधरा दिवस लागले. तोवर मी नाव न घेता "ऐका ना" छापाची वाक्यं रचत होतो.

अवांतर: उकडत असेल तर 'तेंगो कालोर' म्हण. 'एस्तोय कालिएन्ते' असं शब्दशः बोललीस तर अर्थ भलताच होतो. जेवणाच्या टेबलावर तर मुळीच नको.

मेहिको_रिटर्न:

माझा अनुभव मेक्सिकोतला, ग्वानाख्वातोचा. तिथे तोर्तिया म्हणजे मक्याची पोळी, अंड्याचा संबंध नाही. त्यामुळे आम्हाला पोळी-उसळ मिळाली म्हणून मी हरखले होते. महिन्याभराने कळलं, ती घोटलेली उसळ डुकराच्या चरबीवर परततात! आमच्या बाईंनी लपवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. तेव्हा वस्तूंची नावं घेऊन विचारायचं, याला +१.

रात्रीची_बस:

आणखी थोडं, आठवेल तसं.

दुपारचं जेवण अडीच-तीनला, रात्रीचं साडेनऊनंतर. सुरुवातीला भुकेने कासावीस होशील. त्यामागे घड्याळाचाही हात आहे. स्पेन नकाशावर लंडनच्या रेषेत, पण १९४० पासून घड्याळ बर्लिनचं. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे सूर्य मावळतो पावणेनऊच्या आसपास, उजेडात रात्रीचं कोण जेवणार? संध्याकाळी सहाच्या सुमाराला काहीतरी पोटात टाक, त्या खाण्याला 'मेरिएंदा' म्हणतात. आणि जेवण झालं की पटकन उठू नकोस. ताटल्या तशाच ठेवून गप्पा मारत बसतात, त्याला 'सोब्रेमेसा' असा खास शब्द आहे. तू उठून भांडी विसळायला घेतलीस तर त्यांना वाटेल तुला कंटाळा आला. मी पहिल्या दिवशी हेच केलं, संस्कार दाखवायला. माझं स्पॅनिश जे काही सुधारलं ते वर्गात कमी आणि त्या टेबलावर जास्त.

टेबलावरून आठवलं. थंडीत कदाचित गोल टेबल दिसेल, जमिनीपर्यंत जाड कापड सोडलेलं. 'मेसा कामिया'. कापडाच्या आत खाली शेगडी असते, हल्ली विजेची. पाय आत, कापड मांडीवर, आणि वर चहा. गाव आठशे मीटर उंचीवर आहे, डिसेंबरात रात्री शून्याखाली जातं. मी अभ्यास, जेवण, रडणं सगळं त्याच टेबलाशी केलंय.

अनवाणी फिरू नकोस घरात! आपल्याला बाहेरच्या चपला दारात काढून मोकळ्या पायांनी वावरायची सवय. तिथे ते बघून बाया हवालदिल होतात, गार फरशीने सर्दी होते म्हणून. घरातल्या वेगळ्या सपाता लागतात.

आंघोळ आटोपती ठेव, गॅस-वीज महाग. कपडे आठवड्यातून एकदा मशीनला, त्यांना विचारून. फ्रीज पहिले काही दिवस विचारल्याशिवाय उघडू नको.

माद्रिदच्या विमानतळावरूनच सालामांकाला थेट बस आहे, अडीच-तीन तास लागतात. बसमध्ये बसलीस की मेसेज टाक, त्या उगाच आधीपासून ताटकळतील. आणि तुझ्या पहिल्या रविवारी त्या तुला विद्यापीठाच्या दाराशी नेतील, १२१८ सालचं आहे ते, आणि दगडी नक्षीत बेडूक शोधायला लावतील. कवटीवर बसलाय, एवढंच सांगते. मदतीशिवाय सापडला तर परीक्षेत पास, अशी समजूत आहे. मला काही सापडला नाही, पास मात्र झाले.

सांगलीची_चिमणी:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रीची_बस ताई, तुमचा प्रतिसाद छापून घेतलाय, आईनेही वाचला. पेढे आता आम्हीच संपवतोय. तिळगूळदादा, बाबा लेन्सच्या किश्श्यावर अजून हसताहेत.

काल धीर करून लिहिलं, ताईंनी दिलंय तसंच. आधी काय खाते ते, मग बाकीचं. शेवटी 'उस्तेद'मध्ये विचारलं, काय हाक मारू. रात्रीच उत्तर आलं. मसूर त्या दर सोमवारी करतातच, माझे वेगळ्या पातेल्यात करतील. नाव घेऊन 'तू' म्हणायचं, 'सेन्योरा' म्हटलं तर बँकेत बसल्यासारखं वाटतं म्हणे. आणि कुत्रा मात्र मांस खातो, तेवढं चालेल ना, असं विचारलंय!

खाली एक ओळ आहे: "इथे फरशी फार गार असते, तुझ्यासाठी सपाता आणून ठेवते, पायाचं माप कळव." ताई, तुम्ही त्यांना ओळखता की काय? आपल्याकडचा पाच नंबर म्हणजे तिकडे किती?

रात्रीची_बस:

३८. जाड मोजे घालणार असशील तर ३९ कळव.