मदत हवी आहे: गाडीच्या स्मार्ट चावीचा सेल घरीच बदलायचा आहे (उदगीर)

बालाघाट

नमस्कार मंडळी,

आमची गाडी बटन-स्टार्टची आहे. चावी खिशात असली की दाराच्या मुठीवरचं बारीक बटन दाबून लॉक उघडतं. सध्या ते उघडेना झालंय. चावी पार काचेला टेकवून रिमोटचं बटन दोन-तीनदा दाबलं की मग कुठं दार उघडतं. गाडी चालू केल्यावर समोरच्या डिस्प्लेवर चावीचा सेल उतरल्याची खूणही येते.

गाडी जास्त करून अण्णाच वापरतात. सकाळी मोंढ्यावर सोयाबीनचा भाव बघायचा आणि तिथून थेट शेतात. शेत देवणीच्या बाजूला, रस्त्यापासून बरंच आत आहे, आणि तिथं मोबाइलला धड रेंज नसते. सत्तरीतला माणूस उन्हातान्हात गाडीबाहेर अडकून पडू नये, एवढीच काळजी आहे. पैशाचा प्रश्न नाही.

लातूरच्या एका सर्व्हिस सेंटरला फोन केला. ते म्हणाले, गाडी घेऊन या, सेल बदलला की कोडिंग करावं लागतं. इथला मोबाइल दुरुस्तीवाला पोरगा म्हणतो, काही लागत नाही, आत्ता बदलून देतो. पण त्यानं चावीला स्क्रू शोधला, तो सापडला नाही, तेव्हा सरळ कटरचं पातं हातात घेतलं. मी चावी परत घेतली.

तर जाणकारांनी सांगावं. सेल बदलल्यावर कोडिंग खरंच जातं का? कव्हर न तुटता कसं उघडायचं? कोणता सेल आणायचा? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेतात असतानाच सेल पूर्ण गेला, तर अण्णांनी दार कसं उघडायचं आणि गाडी चालू कशी करायची?

गंजगोलाई

दादा, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो, कारण ते सेल आणण्याच्या आधीच अण्णांना दाखवून ठेवायला पाहिजे.

सेल पूर्ण मेला तरी गाडी चालू होते. चावीत एक चिप असते आणि तिला सेल लागतच नाही. एटीएम कार्ड मशीनवर टेकवून पैसे देतो ना, त्यातलीच ही गोष्ट. चिपला लागणारी तेवढी वीज गाडीतल्या कॉइलमधून मिळते, फक्त चावी एकदम जवळ धरावी लागते. म्हणून ब्रेक दाबायचा, चावी स्टार्ट बटनाला टेकवायची आणि चावीनंच बटन दाबायचं. बऱ्याच गाड्यांत हे चालतं. काही गाड्यांत मात्र चावी ठेवायला वेगळी जागा दिलेली असते, ती गाडीच्या पुस्तकात बघा. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात असेल.

दारासाठी चावीच्या पोटातच एक साधी लोखंडी चावी असते. बाजूची किंवा मागची बारीक कळ सरकवून ती ओढायची. ड्रायव्हरच्या मुठीजवळ कुलपाचं भोक दिसलं नाही तर घाबरू नका. काही गाड्यांत त्यावर प्लास्टिकची टोपी असते, ती खालच्या खाचेतून उचकटून काढावी लागते. असं दार उघडलं की काही गाड्यांचा अलार्म वाजायला लागतो. गाडी चालू झाली की तो थांबतो. हे अण्णांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर एकट्या माणसाला शेतात उगाच धास्ती बसते.

आता कोडिंग. चावीची ओळख आतल्या मेमरीत लिहिलेली असते. सेल काढला म्हणून ती पुसली जात नाही. सेल बदलून पुन्हा जोडणी करावी लागली, असं क्वचित होतं. तशी लागलीच तर तिची रीतही गाडीच्या पुस्तकात मिळेल. नवीन चावी घेतली तर कोडिंग लागतंच, ती गोष्ट वेगळी.

उघडायचं असं. लोखंडी चावी काढली की जी फट दिसते, तिथूनच सुरुवात करायची. लहान चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कापडी टेप गुंडाळा, टोक फटीत घाला आणि हळू पिळा. उचकटायचं नाही, फक्त पिळायचं. टक असा आवाज येऊन कव्हर सुटतं. पातं घातलंच नाही ते बरं केलं. पातं आत गेलं की सर्किटवरची रेघ कापते, आणि मग खरोखरच नवीन चावी घ्यावी लागते.

उघडल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढा. सेलची कोणती बाजू वर आहे ते बघा. रुंद सपाट बाजू, जिच्यावर आकडा आणि अधिकची खूण असते, ती काही चाव्यांत खाली तोंड करून असते. सेल बाजूच्या खाचेतून प्लास्टिकच्या काडीनं उचला. पत्र्याची पकड वाकली तर नवीन सेलही नीट टेकत नाही. कव्हरच्या कडेनं रबराची रिंग असेल तर ती जागेवर बसवूनच दाबा. आपल्याकडच्या शेतातली बारीक धूळ त्याच फटीतून आत जाते.

पूर्णाकाठ

सेलबद्दल मी सांगतो, परभणीत माझं घड्याळाचं दुकान आहे.

जुन्या सेलवर जो आकडा असेल तोच घ्या. स्मार्ट चाव्यांत बहुतेक वेळा सीआर २०३२ निघतो, पण सीआर २०२५ किंवा सीआर १६२० सुद्धा असतात. २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. २०२५ ची जाडी २.५. दोन्ही ३ व्होल्टचेच, म्हणून लोक मागंपुढं बघत नाहीत. पातळ सेल जाड सेलच्या जागी घातला की तो हलतो, चावी कधी चालते, कधी नाही. त्यावर कागदाची घडी घालून देणारे असतात, त्यांना नको म्हणा.

एलआरवाले सेल १.५ व्होल्टचे, ते चालणार नाहीत. एलआयआर २०३२ नावाचा चार्ज होणारा सेल दिसायला अगदी तसाच असतो, पण पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट देतो. तो चावीत घालू नका.

पाकिटबंद, तारीख बघून घ्या. बरणीत सुटे ठेवलेले सेल एकमेकांना घासून तिथंच उतरतात. सेल कडेनं धरायचा, लोखंडी चिमट्यानं दोन्ही बाजू एकदम पकडायच्या नाहीत. मीटर असेल तर नवा सेल ३ च्या थोडा वर दाखवतो. पण नुसता आकडा बघून जुना सेल चांगला ठरवू नका. उतरलेला सेलही मोकळा मोजला तर ३ च्या आसपास दाखवतो आणि बटन दाबलं की कोसळतो.

बालाघाट

दोघांचेही मनापासून आभार. अजून एक विचारायचं होतं. एकानं सांगितलं की रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून दाबला तर उजेड दिसतो, नाही दिसला तर रिमोटच खराब. मी बघितलं, काहीच दिसेना. मग चावीच गेली का? आणि सेल इतक्या लवकर उतरला कसा?

गंजगोलाई

ती युक्ती टीव्हीच्या रिमोटची आहे. टीव्हीचा रिमोट डोळ्याला न दिसणारा उजेड सोडतो, गाडीची चावी रेडिओ लहरी सोडते. त्या कॅमेऱ्यात कशा दिसतील? दुसरी चावी काढून बघा. ती लांबून चालत असेल तर गाडी ठीक आहे, पहिलीचा सेलच गेलाय. दोन्ही तशाच वागल्या तर गाडीच्या मोठ्या बॅटरीकडे बघायला लागेल.

आणि चावी घरात कुठं अडकवता? गाडी भिंतीला लागून उभी आणि चावी त्याच भिंतीच्या आतल्या खिळ्यावर असेल तर दोघींचं रात्रभर बोलणं चालू राहतं. सेल त्यानंच संपतो. चावी आतल्या खोलीत ठेवा. उन्हात तापलेल्या गाडीतही ठेवू नका.

मांजराताई

दादा, घरात लहान लेकरं असतील तर एक लक्षात ठेवा. जुना सेल टेबलावर, खिडकीत कुठंही राहू देऊ नका. असा सेल लेकराच्या घशात अडकला तर २ तासांत अन्ननलिका भाजू शकते. सेल उतरलेला असला तरी धोका असतोच. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायच्या नादाला न लागता तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि सेल गिळलाय हे तिथं पहिल्यांदा सांगायचं. मी नर्स आहे, म्हणून हात जोडून सांगते. काढल्याबरोबर दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि उंचावर ठेवा.

बालाघाट

ताई, दोन लेकरं आहेत घरात. चिकटपट्टी लावून माळ्यावरच्या डब्यात टाकला, खूप आभारी आहे.

सेल बदलला. आत २०३२ होता आणि अधिकची बाजू खाली होती, फोटो काढला म्हणून बरं झालं. कोडिंग काही लागलं नाही. आता फाटकापासून लॉक उघडतंय. चावी खरंच गाडीमागच्या भिंतीवर अडकवलेली असायची, ती जागा बदलली.

नवा सेल घालण्याआधी रिकामी चावीच अण्णांच्या हातात दिली. मुठीची टोपी काढायला त्यांच्या नखाला जमेना, म्हणून आता चावीच्या कडीतच एक चपटी पत्री अडकवून दिली आहे. दार उघडलं, अलार्म वाजला, चावी टेकवून बटन दाबलं आणि गाडी चालू झाली. दुसऱ्यांदा त्यांनी मला न विचारता केलं.

उदगीरमध्ये किंवा लातूरला जुने सेल घेणारं कुणी आहे का? असेल तर सांगा.

पूर्णाकाठ

२०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते घरच्या कचऱ्यात टाकायचे नसतात. नगरपालिकेत ई-कचऱ्याचं विचारा. माझ्याकडं साठले की मी एकदम पाठवतो. परभणीला येणं झालं तर घेऊन या, दुसऱ्या चावीचाही सेल बघून देतो.